पाताळात उतरणारी मंडळे

गुहा म्हटली की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे अजिंठा, वेरूळ, कार्ले, भाजे उभी राहतात. वास्तविक ती लेणी. माणसाने छिन्नी-हातोड्याने कोरून काढलेली दालने. आपला सह्याद्री ज्या काळ्या बसाल्टाचा बनला आहे तो दगड पाण्यात विरघळत नाही. त्यामुळे त्याच्या पोटात निसर्गाने घडविलेली मैलोगणती भुयारे सहसा आढळत नाहीत. चुनखडीच्या प्रदेशाची तऱ्हा निराळी. तेथे पावसाचे पाणी हवेतील व मातीतील कार्बनी वायू शोषून किंचित आम्ल होते, खडकाच्या भेगांतून झिरपते आणि हजारो-लाखो वर्षांच्या संथ उद्योगाने त्या भेगांचे आड, बोगदे आणि दालने करून सोडते. वर कुरणात मेंढ्या चरत असतात आणि मधेच एक वाहता ओढा जमिनीत गडप होतो. तो कोठे गेला, हे पाहण्यासाठी काही माणसे त्याच्या मागोमाग खाली उतरली. त्यांची, आणि त्यांनी स्थापन केलेल्या मंडळांची, कथा आज सांगावयाची आहे.

इंग्लंडच्या उत्तरेस यॉर्कशायर परगण्यात इंगलबरो नावाचा डोंगर आहे. त्याच्या उतारावर फेल बेक नावाचा ओढा एका उघड्या आडात कोसळतो. त्या आडाचे नाव गेपिंग गिल. त्याची खोली सव्वातीनशे फुटांच्या आसपास आहे. तळाशी प्रचंड दालन. १८४२ मध्ये जॉन बर्कबेक या गृहस्थाने त्यात उतरण्याचा पहिला नोंदलेला प्रयत्न केला. तो अर्ध्याहून थोडा अधिक खाली, एका कंगोऱ्यापर्यंत पोहोचला आणि तेथून परतला. त्या कंगोऱ्याला आजही त्याचेच नाव आहे. पुढे अर्धशतक लोटले. १ ऑगस्ट १८९५ रोजी एदुआर-आल्फ्रेद मार्तेल हा फ्रेंच वकील दोरशिडी, मेणबत्त्या आणि वर उभ्या असलेल्यांशी बोलण्यासाठी टेलिफोनची तार घेऊन आला आणि धबधब्याचे पाणी अंगावर घेत थेट तळाशी जाऊन उभा राहिला. इंग्रजांच्या डोंगरातील विवर एका फ्रेंचाने जिंकावे, हे तेथील मंडळींना थोडे झोंबलेच असावे. लीड्स येथे १८९२ मध्ये यॉर्कशायर रॅम्ब्लर्स क्लब स्थापन झालेला होता. त्याच्या एडवर्ड कॅल्व्हर्टने लगेच पुढल्या वर्षी रहाटाला पाळणा बांधून तोच आड गाठला.

क्लब या संस्थेची गरज येथेच उघड होते. डोंगर एकट्याने चढता येतो. सव्वातीनशे फुटांच्या आडात एकट्याने उतरणे म्हणजे आत्महत्या. त्या काळची दोरशिडी तागाच्या दोरांची आणि लाकडी पायऱ्यांची. ओली झाली की तिचे वजन दुप्पट. ती डोंगरावर वाहून न्यावयास दहा माणसे हवीत, वर दोर धरून बसावयास चार हवीत, आणि विकत घ्यावयास साऱ्यांची मिळून वर्गणी हवी. शिपाई, शिक्षक, गिरणीकामगार, बँकेतील कारकून, सगळ्यांनी शनिवारी संध्याकाळी एकत्र यावे, कोठल्या तरी शेतकऱ्याच्या गोठ्यात रात्र काढावी आणि रविवारी चिखलाने माखून परतावे, असा हा छंद. क्रेव्हन पॉटहोल क्लब १९२९ चा आणि ब्रॅडफर्ड पॉटहोल क्लब १९३३ चा. हे दोन क्लब आजही वर्षातून एकेकदा गेपिंग गिलवर रहाट उभारून सामान्य प्रवाशांना तळ दाखवून आणतात. खाली जाणे फुकट, पैसे पडतात ते वर येण्याचे, अशी थट्टा तेथे चालते.

थट्टा खरी, पण हिशेब नेमका तोच आहे. गुहेत खाली जाताना माणसाला वजन साहाय्य करते. येताना तेच वजन, भिजलेले कपडे, गारठलेली बोटे आणि संपत आलेली मेणबत्ती यांचा भार सोसून वर चढावे लागते. यॉर्कशायरच्या गुहांतील हवा उन्हाळा असो वा हिवाळा, आठ-नऊ अंश सेल्सिअसच्या आसपासच असते. त्या थंडीत कमरेइतक्या पाण्यातून चालणारा आणि मग सोबत्यांची वाट पाहत तासभर बसून राहिलेला माणूस प्रथम कुडकुडतो, मग कुडकुडणे थांबते, आणि त्यानंतर त्याचे बोलणे असंबद्ध होऊ लागते. कुडकुडणे थांबले म्हणजे बरे वाटू लागले, असा समज नवख्यांना होतो. तो घातक आहे. शरीराने उष्णता निर्माण करण्याचा प्रयत्नच सोडून दिलेला असतो. वरच्या माणसाच्या पायाने सुटलेला मूठभर दगड खालच्याच्या डोक्यावर पडणे हा आणखी एक नित्याचा धोका. म्हणून खाणीतल्या कामगाराचे शिरस्त्राण या छंदात आले. पण सर्वांत मोठा शत्रू पाणी. ज्याने गुहा केली तेच तिचे खरे मालक, आणि बाहेर पाऊस पडला की ते आपल्या घरी परत येते.

अपघात झाला तर बोलवावे कोणाला? हा प्रश्न सोडविताना या मंडळांना जो शोध लागला तो मला साऱ्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पायाचे हाड मोडलेला माणूस जमिनीखाली अर्ध्या मैलावर, पोटावर सरपटत जाव्या लागणाऱ्या बोळाच्या पलीकडे पडलेला असेल तर पोलीस, आगबंब आणि डॉक्टर तिघेही गुहेच्या तोंडाशी उभे राहतात. पुढे जाऊ शकतो तो फक्त दुसरा गुहेत जाणारा. बाहेरचा कोणी वाचवायला येणार नाही, आपणच एकमेकांचे. या जाणिवेतून १९३५ मध्ये यॉर्कशायरच्या क्लबांनी केव्ह रेस्क्यू ऑर्गनायझेशन स्थापन केले. अशा प्रकारची ही पहिलीच संघटना मानतात. पाठोपाठ १९३६ मध्ये दक्षिणेकडील मेंडिप टेकड्यांत, आणि १९५२ मध्ये डर्बीशायरमध्ये तशाच संघटना झाल्या. कायद्याने जबाबदारी पोलिसांची. पण पोलीस फोन उचलून बोलावतात ते या बिनपगारी माणसांना. बांबूच्या कामट्या आणि कॅनव्हास यांची, रोग्याला केळीच्या सोपात गुंडाळावे तशी गच्च आवळणारी नील रॉबर्टसन झोळी त्यांनी जहाजांवरून उचलली. आणि एक साधी चाल रूढ केली: आत जाण्यापूर्वी आपण कोठे जात आहो, किती जण आहो, किती वाजेपर्यंत बाहेर येऊ, हे कोणाला तरी लिहून देऊन जावयाचे. ठरल्या वेळेपर्यंत निरोप आला नाही की शोध सुरू. चिटोऱ्यावरील या दोन ओळींनी किती प्राण वाचविले याची मोजदाद कोणी केली नसेल.

परंतु सगळे नियम पाळूनही भूमीखाली काही प्रसंग असे येतात की माणसाचे काही चालत नाही. २२ मार्च १९५९ चा रविवार. डर्बीशायरमधील कॅसलटन गावच्या पीक कॅव्हर्न या गुहेत ब्रिटिश स्पेलिऑलॉजिकल असोसिएशनची आठ जणांची तुकडी शिरली. या गुहेचे तोंड एवढे विशाल की त्याच्या आडोशाला शतकानुशतके दोर वळणाऱ्यांचे कारखाने चालत आले होते. प्रवाशांना दाखविण्यात येणाऱ्या भागाच्या बऱ्याच पलीकडे एक अरुंद, पिळवटलेला आड होता. तो कोठे जातो हे पाहावयाचे होते. ऑक्सफर्डचा वीस वर्षांचा विद्यार्थी नील मॉस शिडीवरून उतरला. तळाशी दगडांनी वाट बंद. परत चढू लागला, आणि आडाच्या वळणात अडकला. ना वर, ना खाली. सोबत्यांनी शिडी ओढून पाहिली, ती हलेना. दोर सोडला, तो एकदा नव्हे, पुनःपुन्हा तुटला.

यानंतर जे घडले ते समजण्यासाठी एक गोष्ट ध्यानी घ्यावी लागते. उच्छ्‌वासातून बाहेर पडणारा कार्बन डाय-ऑक्साइड हवेपेक्षा जड असतो. उघड्यावर तो वाऱ्याने पांगतो. बाटलीसारख्या अरुंद आडात तो खालीच साचतो, आणि अडकलेला माणूस आपल्याच श्वासात बुडत जातो. मॉसचे बोलणे हळूहळू मंदावले व थांबले. नभोवाणीवरून हाक गेली, देशभरातून गुहेत जाणारी माणसे, खाणीचे जवान, वायुसेनेचे लोक गोळा झाले. प्राणवायूची नळकांडी आत नेली. त्याच्यापर्यंत जाऊ पाहणारे स्वतः बेशुद्ध होऊन मागे ओढले गेले. लहान चणीची एक अठरा वर्षांची टंकलेखिका, आपण त्या आडात मावू म्हणून पुढे झाली. तिलाही वाईट हवेमुळे माघार घ्यावी लागली. २४ मार्चला सकाळी मॉस मृत झाल्याचे जाहीर करण्यात आले. देह बाहेर काढताना आणखी कोणाचा जीव धोक्यात येऊ नये म्हणून तो तेथेच राहू द्यावा, असे त्याच्या वडिलांनी सांगितले. आड दगडांनी व सिमेंटने बुजविण्यात आला. मुलगा गेलेला असताना परक्या मुलांची काळजी करणारा तो बाप मला या कथेतील सर्वांत मोठा माणूस वाटतो.

आठ वर्षांनी यॉर्कशायरवर त्याहून भयंकर प्रसंग ओढवला. ग्रॅसिंग्टन गावाच्या वरच्या माळावर मॉसडेल कॅव्हर्न्स नावाची गुहा आहे. १९४१ मध्ये बॉब लीकी याने ती शोधली आणि युद्धाच्या काळात कित्येकदा एकट्यानेच ती धुंडाळली. ओढा कड्याच्या पायथ्याशी दगडांच्या राशीत शिरतो. आतील वाटा इतक्या ठेंगण्या की तासन्‌तास पोटावर सरपटावे लागते. एका बोळाचे नावच मॅरेथॉन. २४ जून १९६७ या शनिवारी दहा जण आत गेले. चौघे काही तासांनी परतले; सहा तरुण पुढे गेले. वर पाऊस सुरू झाला. परतलेल्यांपैकी एक तरुणी पुन्हा गुहेच्या तोंडाशी आली तेव्हा तेथे तोंडच उरले नव्हते, पाणी साचून तळे झाले होते. ती माळावरून धावत सुटली. रात्रभर शेकडो हात ओढ्याचा प्रवाह वळविण्यासाठी चर खणीत होते. पाणी ओसरून शोधपथके आत शिरली तेव्हा बोळ छपरापर्यंत भरून गेल्याच्या खुणा दिसल्या. सहाही जण मरण पावले होते. त्यांपैकी सर्वांत मोठा सव्वीस वर्षांचा होता. ब्रिटनमधील गुहांच्या इतिहासात एवढी मनुष्यहानी दुसऱ्या कोणत्याही एका अपघातात झालेली नाही. देह आतच राहिले. पुढे १९७१ मध्ये त्यांच्या मित्रांनी ते गुहेतीलच एका उंचावरच्या दालनात विधिपूर्वक हलविले. याच १९६७ साली देशातील सर्व गुहाबचाव पथकांची ब्रिटिश केव्ह रेस्क्यू कौन्सिल ही मध्यवर्ती संस्था स्थापन झाली. हवामानाचा अंदाज न पाहता आत शिरणे हे तेव्हापासून साहस म्हणवत नाही. क्लबांत ते अडाणीपणाचे लक्षण मानतात.

गुहा निसर्गाने घडविलेली असते. तिचे छत युगानुयुगे टिकून राहिलेले असते, म्हणून ते बहुधा आजही टिकते. जुन्या खाणीचे तसे नाही. ती माणसाने घाईघाईने, पोटासाठी, आपल्यापुरती टिकावी एवढ्याच बेताने खोदलेली असते. डर्बीशायरच्या टेकड्यांत शिशाच्या खाणी रोमन काळापासून होत्या. खाणकामगार आपल्या पूर्वजांना, आणि त्यांनी मागे टाकलेल्या खोदकामालाही, आपल्या बोलीत ‘टौड मॅन’ म्हणत, म्हणजे म्हातारबा. एखाद्या भिंतीपलीकडे पोकळ आवाज आला की पलीकडे म्हातारबा आहे असे समजावयाचे. या म्हातारबाने निकामी दगड वर न नेता डोक्यावर आडव्या टाकलेल्या लाकडांवर रचून ठेवला. दोनशे वर्षांनी ती लाकडे कुजून स्पंजासारखी झाली आहेत आणि त्यांवर टनावारी दगड तोलून आहे. पायाखालची जमीन म्हणून ज्यावर आपण उभे राहतो तीही पुष्कळदा अशीच फळ्यांची असते, आणि खाली रिकामा आड. साचलेल्या पाण्याच्या डबक्याचा तळ घोट्याइतका आहे की शंभर फुटांवर, हे वरून कळत नाही. म्हणून जुन्या खाणीतील पहिला नियम असा की लाकडाला हात लावावयाचा नाही, त्यावर पाय द्यावयाचा नाही, त्याखाली थांबावयाचे नाही.

दुसरा धोका हवेचा. कुजणारे लाकूड आणि गंजणारी खनिजे प्राणवायू खाऊन टाकतात. आपल्याकडे जुन्या विहिरीत उतरण्यापूर्वी जाणती माणसे कंदील खाली सोडून पाहतात, तेच शहाणपण तेथेही होते. हवेत प्राणवायू एकवीस टक्के असतो. सोळा-सतरा टक्क्यांच्या आसपास तो उतरला की मेणबत्ती विझते, आणि माणूस तेव्हा अजून आपल्या पायांवर उभा असतो, परत फिरू शकतो. नंतर आलेला कार्बाइडचा दिवा अधिक हट्टी. त्याची ज्योत आणखी वाईट हवेतही तग धरते. आजचा कपाळावरचा विजेचा दिवा तर हवेवाचूनच जळतो. तो शुद्ध हरपलेल्या माणसाच्या कपाळावरही जळत राहील. उजेड वाढला आणि इशारा गेला. त्याची भरपाई करण्यासाठी क्लबांना आता हवा मोजणारे छोटे यंत्र खिशात बाळगावे लागते.

हवा हे शस्त्रही होऊ शकते, याचा एक दाखला शेल्डन गावाजवळच्या मॅगपाय खाणीत घडला. शेजारच्या रेड सॉइल खाणीशी तिचा शिशाच्या शिरेवरून तंटा होता. दोन्ही खाणींचे बोगदे जमिनीखाली एकमेकांत घुसले होते, आणि दोन्हीकडचे लोक आगी पेटवून एकमेकांच्या बोगद्यांत धूर सोडू लागले. १८३३ मध्ये त्या धुराने रेड सॉइलचे तीन कामगार गुदमरून मेले. पुढल्या वर्षी डर्बी येथे खटला चालला; सारे आरोपी सुटले. मेलेल्यांच्या बायकांनी त्या खाणीला शाप दिला, असे तेथे सांगतात. आज त्याच खाणीतील झोपडी पीक डिस्ट्रिक्ट माइन्स हिस्टॉरिकल सोसायटीचे ठाणे आहे. ही संस्था १९५९ ची, म्हणजे नील मॉस गेला त्याच वर्षीची. शनिवार-रविवारी जमणारे हे हौशी लोक बोगद्यांची मापे घेतात, नकाशे काढतात, टिकावाचे घाव पाहून ते कोणत्या शतकातले हे ठरवितात, आणि गावकऱ्यांची गुरे पडू नयेत म्हणून उघड्या आडांवर झाकणे घालतात.

या उद्योगातून विद्वानांच्याही पदरात काही पडले आहे. चेशायरमधील ऑल्डर्ली एज या टेकडीतील तांब्याच्या बेवारस खाणींत पूर्वी कोणीही शिरे. काही जण मेलेही. सत्तरीच्या दशकापासून डर्बीशायर केव्हिंग क्लबने तेथील खाणी नॅशनल ट्रस्टकडून भाड्याने घेतल्या, तोंडांना फाटके लावली आणि किल्ली आपल्याजवळ ठेवली. १९९५ मध्ये याच क्लबच्या सभासदांना एका बुजलेल्या आडात मडके सापडले. त्यात ५६४ रोमन नाणी होती, इ. स. ३१७ ते ३३६ या काळातली. रोमनांच्या अमदानीत ही टेकडी खोदली जात होती, याचा तो भक्कम पुरावा ठरला.

आपल्या देशात अशा गुहांचे माहेर मेघालयात आहे. खासी भाषेत गुहेला ‘क्रेम’ म्हणतात. १९९२ पासून शिलाँगची मेघालय ॲडव्हेंचरर्स असोसिएशन आणि युरोपातील गुहाप्रेमी यांनी मिळून तेथील डोंगर मोजावयास घेतले. क्रेम लिआत प्राह ही एकच गुहा तीस किलोमीटरांहून लांब भरली. या मोहिमा पावसाळा टाळून कोरड्या महिन्यांतच निघतात. त्या प्रदेशातील पाऊस माहीत असणाऱ्याला कारण सांगावयास नको.

मोजणे या शब्दावर मी पुन्हापुन्हा येतो आहे, त्याला कारण २०१८ हे वर्ष आहे. त्या वर्षी २३ जूनला थायलंडमधील थाम लुआंग गुहेत बारा मुले आणि त्यांचा फुटबॉलचा शिक्षक पुराच्या पाण्यामुळे कोंडले गेले. थायलंडात राहणाऱ्या एका इंग्रज गुहाप्रेमीने वर्षानुवर्षे ती गुहा पायांखाली घातली होती, हौशी मंडळींनी काढलेला तिचा नकाशा उपलब्ध होता. मुले कोठे असू शकतील याचा अंदाज त्यावरून बांधता आला. २ जुलैला त्यांच्यापर्यंत पाण्याखालून पोहोचले ते दोन ब्रिटिश पाणबुडे: एक अग्निशमन दलातून निवृत्त झालेला, दुसरा संगणकाच्या व्यवसायातला, दोघेही क्लबांच्या बचाव पथकांत घडलेले. मुलांना शुद्धीवर असताना बाहेर आणणे शक्य नव्हते. त्यांना भूल देणारा ऑस्ट्रेलियन डॉक्टरही हौशी गुहापाणबुडाच. पाणी उपसण्याच्या कामात सल्ला देण्यासाठी आपल्या किर्लोस्कर कंपनीचे तंत्रज्ञ तेथे गेले होते. १० जुलैपर्यंत तेराही जण बाहेर आले. समन कुनान हा थाई नौदलाचा माजी जवान मात्र त्या कामी मरण पावला.

त्याच वर्षी १३ डिसेंबरला मेघालयातील पूर्व जैंतिया डोंगरांत, क्सान येथे, एका कोळशाच्या खाणीत पाणी घुसले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये बंदी घातलेली ही ‘उंदीरबिळाची’ खाण. साडेतीनशे फुटांहून खोल उभा आड आणि त्याच्या तळापासून चोहोकडे फुटलेली, माणूस रांगत जाईल एवढीच बिळे. आत किमान पंधरा मजूर होते. नौदलाचे पाणबुडे आले, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल आले, कोल इंडियाचे आणि किर्लोस्करांचे पंप आले. पंप लावले तरी पाणी आटेना, कारण ते शेजारच्या कोणत्या सोडून दिलेल्या खाणींतून आत येत आहे, हे कोणालाच ठाऊक नव्हते. सर्वोच्च न्यायालयात सरकारी वकिलांनी अडचण सांगितली ती हीच: या खाणीचा नकाशा नाही. जानेवारी २०१९ मध्ये नौदलाच्या पाण्याखाली सोडलेल्या यंत्राच्या कॅमेऱ्याला एका बिळात पहिला देह दिसला. एकंदर दोन देह वर आणता आले. मार्चच्या आरंभी शोध थांबविण्यात आला.